कापूस, केळी, मिरची: बिलिंग ॲप एक, कटत्या तीन

राम राम मंडळी. समजा, जळगावच्या कापूस व्यापाऱ्यासाठी तुम्ही लारावेलमध्ये, म्हणजे पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये, बिलिंगचं ॲप बनवलं. त्याचा नियम: ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात. आता तेच ॲप रावेरच्या केळीवाल्याला हवंय. त्याला ओलाव्याशी काय घेणंदेणं? त्याला दांड्याचं वजन वजा करायचंय.

(स्क्रीनवर: बिलाचा कोड)

इथे हात शिवशिवतो आणि आपण ‘गिऱ्हाईक क्रमांक 2 असेल तर’ असा इफ, म्हणजे अट, कोडमध्ये टाकतो. मग नंदुरबारचा मिरचीवाला ओली आणि सुकी मिरची वेगळी धरायला सांगतो, की आणखी एक इफ. काही जण अख्ख्या कोडची कॉपीच मारतात. ते तर त्याहून वाईट, कारण एक बग तीन जागी दुरुस्त करत बसा.

बिलाचा क्रम गाभ्यातच राहू द्या: वजन, कटती (वजनातली किंवा भावातली कपात), रक्कम, हमाली, राउंडिंग. बाहेर काढायची ती फक्त कटती. तिचा इंटरफेस करा, म्हणजे नुसता साचा, मेथड एकच. प्रत्येक व्यापाऱ्याचा नियम मग त्या साच्यातला वेगळा क्लास.

पण ती परत काय देणार? नुसतं निव्वळ वजन दिलं तर केळीचं भागतं, कापूस अडतो, कारण तिथे कटती भावावर आहे. म्हणून दोन्ही द्या, निव्वळ वजन आणि लागू भाव. 20 क्विंटल कापूस, भाव 7000, ओलावा 10 टक्के: वजन 20 च राहतं, भाव 6860 होतो, रक्कम 1,37,200.

कोणाला कोणता क्लास, ते सर्व्हिस प्रोव्हायडरच्या (ॲप सुरू होताना अशा जोडण्या लावणाऱ्या क्लासच्या) रजिस्टर मेथडमध्ये बाइंड करा, म्हणजे जोडून ठेवा. तिथे फक्त बाइंड, दुसरी सर्व्हिस वापरू नका. ती तेव्हा लोड झालेलीच नसू शकते. आणि क्लासचं नाव डॉट एन्व्ही या सेटिंगच्या फाइलमधून एन्व्ही फंक्शनने थेट वाचू नका, कॉन्फिग फाइलमधून घ्या. सर्व्हरवर कॉन्फिग कॅश केलं की डॉट एन्व्ही फाइल लोडच होत नाही, हाती नल, म्हणजे रिकामी किंमत, येते. लोकलवर मात्र सगळं झकास चालतं, म्हणून हा बग सापडता सापडत नाही.

राउंडिंगला हूक, म्हणजे बाहेरून बदलायची सोय, देऊ नका, कितीही मागितला तरी. खतावणी जुळणार नाही.

आणखी एक. बिल सेव्ह करताना निव्वळ वजन, लागू भाव आणि नियमाचं नाव डेटाबेसमधल्या त्या बिलाच्या ओळीतच साठवा. नाहीतर जूनमध्ये नियम बदलला, की जानेवारीचं बिल पुन्हा छापताना रक्कम वेगळी येते, आणि शेतकऱ्याच्या हातात जुनी पावती असतेच.