दुपारची शुक्राची चांदणी

श्रोतेहो, नमस्कार.

विहिरीच्या तळाशी उभं राहिलं की दिवसाही तारे दिसतात, ही समजूत फार जुनी. ती खरी नाही. विहीर असो की गिरणीचं धुराडं, आतून दिसणारा आकाशाचा तुकडा माळावरून दिसतो तितकाच उजळ असतो.

शुक्र मात्र विहिरीत न उतरताही दिसतो. त्याच्यावरचे दाट ढग उन्हाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परतवतात, त्यामुळे निळ्या आकाशातही तो पुरेसा उजळ ठरतो. अडचण वेगळीच आहे. कोऱ्या निळाईत नजरेला टेकायला काही नसतं. डोळा जवळच कुठंतरी स्थिरावतो आणि समोरचा ठिपका पुसून जातो. म्हणून आधी लांबच्या टॉवरवर नजर ठरवा, मग वर न्या. शेजारी चंद्रकोर असेल तर निम्मं काम झालं.

शुक्र संध्याकाळी दिसायचे दिवस असतील तर दुपारी शोधा. सूर्यापासून तो जास्तीत जास्त ४७ अंश लांब जातो, तेव्हा साधारण तीन तास त्याच्या मागे असतो. सोलापुरात सूर्य मध्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास; आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहोत ना! म्हणजे साडेतीनच्या सुमारास शुक्र उत्तर-दक्षिण रेषेवर, चांगला वर असेल. इमारतीच्या सावलीत उभे राहा, सूर्य भिंतीआड हवाच. दुर्बीण नको, चुकून सूर्यावर गेली तर डोळा जाईल.

पहाटेचा शुक्र त्याहून सोपा. गच्चीवर जा, टाकीच्या कडेला तो लावून धरा आणि उजाडलं तरी सोडू नका. तो वर चढत उजवीकडं सरकेल, तसे तुम्हीही सरका.

आपल्या उन्हाळ्यातलं धुळकट, पांढुरकं आकाश यासाठी कुचकामी. पाऊस पडून गेल्यावरचं किंवा गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतलं निळंशार आकाश घ्या. गुरूही दिसतो, पण सूर्य मावळण्याच्या जरा आधी. भर दुपारी त्याच्यामागं लागू नका.

आणि सापडल्यावर घरच्यांना नुसतं बोट दाखवून भागत नाही. त्यांना तुमच्याच जागी उभं करा आणि गच्चीच्या कठड्यापासून किती वीत वर, ते सांगा.