डेटाबेस निवडण्याआधीचे प्रश्न

डेटाबेस निवडायचा विषय निघाला की चर्चा लगेच वेगावर जाते. पण बहुतेक धंद्यांची अडचण वेगाची नसतेच. काही लाख नोंदींच्या टेबलवर योग्य इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) असेल, तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर यांतलं कोणतंही हवी ती नोंद काही मिलिसेकंदांत शोधून देतं. आधी हे पाहा की एकाच वेळी लिहिणारे किती आहेत.

लिहिणारा प्रोग्रॅम एकच असेल, तर एसक्यूलाइट पुरतं: वेगळा सर्व्हर न लागणारा, एकाच फाईलमध्ये राहणारा डेटाबेस. त्याला हलकं समजायचं कारण नाही. मात्र त्यात एका क्षणी एकालाच लिहिता येतं. शिवाय ती फाईल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून चार संगणकांवरून उघडलीत, तर नेटवर्कवर फाईलचं लॉकिंग (एक लिहीत असताना बाकीच्यांना थांबवणं) भरवशाचं नसतं आणि डेटा करप्ट होऊ शकतो. तिथे सर्व्हरवालाच डेटाबेस हवा.

सर्व्हर घेतला म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. समजा, गोदामात एकच नग उरलाय आणि दोन काउंटरवर एकदमच त्याचं बिल होतंय. दोन्ही प्रोग्रॅम शिल्लक वाचतात, दोघांनाही १ दिसतो, दोघंही ० लिहितात. नग एक, बिलं दोन! नुसत्या ट्रान्झॅक्शनने (अनेक बदल एकत्र बांधणं, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही) हे टळत नाही. एकदम चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती अलग ठेवायची याच्या पातळ्या असतात; पोस्टग्रेसमध्ये काही न सांगता लागू असणारी ‘रीड कमिटेड’ पातळी हे खुशाल होऊ देते. म्हणून आधी वाचून मग लिहू नका. ‘शिल्लक १ किंवा जास्त असेल तरच एक वजा कर’ असा एकच अपडेट द्या आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं, तर बिल थांबवा.

बिल, जमा, साठा असं एकमेकांत गुंतलेलं काम असेल, तर रिलेशनलच, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा डेटाबेस घ्या. टेबलांऐवजी डॉक्युमेंटं साठवणाऱ्या मोंगोडीबीत २०१८च्या ४.० आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंटांवर ट्रान्झॅक्शन चालतं खरं, पण हिशेबाच्या कामासाठी तिकडे जायचं कारण मला तरी दिसत नाही. काहीच ठरत नसेल तर पोस्टग्रेस घ्या. आणि पैशांच्या कॉलमला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, न्यूमेरिक (नेमका साठवणारा) द्या, फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत.

फुकटातल्या मर्यादाही वाचून घ्या. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसला २०२२च्या आवृत्तीपर्यंत दर डेटाबेसला १० जीबीची हद्द आहे. नुसत्या नोंदींना ती पुष्कळ झाली. स्कॅन केलेली बिलं आत कोंबलीत की भरते आणि नव्या नोंदी जायच्या थांबतात. स्कॅन बाहेर ठेवा, आत फक्त त्यांचा पाथ.

आता बॅकअप. रेप्लिका (मूळ डेटाबेसबरोबर सतत बदलत जाणारी दुसरी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे: कोणी चुकून टेबल उडवलं, तर ते रेप्लिकावरूनही जातं. रात्रीचा डंप (सगळ्या डेटाची काढलेली प्रत) दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा, घड्याळ लावून. दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनचं काम बुडालं. ते परवडत नसेल, तर पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत) घेऊन वॉल फाईली (प्रत्येक बदलाची नोंदवही) सतत दुसरीकडे साठवा. मग हव्या त्या मिनिटापर्यंत मागे जाता येतं. ही सोय चालू करून देणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर पॉइंट-इन-टाइम रिस्टोअर देणारी क्लाउडवरची सेवा घ्या. किती दिवस मागे जाता येतं, ते मात्र करारात पाहून घ्या.