जैसलमेरचं दगडी वाळवंट : बडोद्याहून निघण्याआधी

[दृश्य : सकाळचं तिरकं ऊन, पिवळट खडकाळ माळ, खुरटी झुडपं, दूरवर पवनचक्क्या]

निवेदन :

दिवाळी आली की बडोद्याहून जैसलमेरकडे गाड्या भरभरून निघतात. बेत बहुतेकांचा ठरलेला असतो. एक दिवस किल्ला आणि हवेल्या, एक संध्याकाळ सम गावच्या वाळूवर, उंटाची फेरी, तंबूत मुक्काम आणि उशिरापर्यंत डीजे. वाळवंट बघून झालं, असं म्हणत मंडळी परततात.

पण ज्याला सगळे डेझर्ट नॅशनल पार्क म्हणतात, त्या 3162 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. बाकी सगळा उघडा खडक, मुरमाड माळ, खाऱ्या तळ्यांचे कोरडे तळ आणि गवत. नाव नॅशनल पार्क असलं, तरी 1980 साली अधिसूचना निघाली ती अभयारण्याची. आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. त्यामुळे एक फाटक, एक तिकीट, आत शिरलो की सगळं दिसेल, असा हिशेब इथे चालत नाही. काय बघायचं ते घरीच ठरवून निघावं लागतं.

ठरवायला एक सोपा धागा आहे. जैसलमेरच्या आसपासचे दगडाचे थर वायव्येकडे हलके कललेले आहेत. म्हणून आग्नेयेकडून वायव्येकडे सरकत गेलं, की पायाखालचा दगड तरुण होत जातो. आकल, जैसलमेर शहर, कुलधरा, हाबूर. फिरण्याचा क्रम हाच ठेवा.

[दृश्य : बडोदा स्टेशन, फलाटावरची गर्दी]

आधी प्रवास. सूर्यनगरी एक्सप्रेस बडोद्याहून संध्याकाळी निघते आणि सकाळी जोधपूरला पोचवते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हे दोन आठवडे टाळा. खोल्यांचे भाव चढतात आणि जीपवाले घाईत असतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा शेवट उत्तम. जोधपूरहून जैसलमेर 285 किलोमीटर, टॅक्सीने पाच तास धरा. याच भागातलं फलोदी लक्षात ठेवा : 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हाळी सुट्टीत पोरांना इथे का आणू नये, याला वेगळं कारण द्यायला नको.

स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल, तर पालनपूर, सांचोर, बाडमेर असा रस्ता धरा. एकूण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या घरात. एका दमात मारू नका, बाडमेरला मुक्काम करा. एक म्हणजे अंधार पडल्यावर रस्त्यावर गाई आणि उंट बसलेले असतात, आणि समोरच्या गाडीच्या दिव्यांत ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. दुसरं म्हणजे बाडमेरहून सकाळी निघालात, की जैसलमेरच्या अलीकडे पंधरा-सतरा किलोमीटरवर आकल याच रस्त्यावर लागतं. वेगळी चक्कर वाचते.

[दृश्य : पत्र्याची छपरं, जाळीचे पिंजरे, आत आडवी पडलेली खोडं]

आकलचं जीवाश्म उद्यान 21 हेक्टरचं आहे. पाहिल्या पाहिल्या निराशाच होते. उजाड माळावर पत्र्याची छपरं, त्यांखाली जाळीचे पिंजरे आणि पिंजऱ्यांत लाकडाचे ओंडके. पण लाकूड म्हणून त्यात आता काही उरलेलं नाही. हा दगड आहे, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे दमट हवा होती, नद्या होत्या, मोठी झाडं होती. उन्मळलेली खोडं पुरात वाहत आली आणि वाळूखाली झटकन गाडली गेली. हवा न मिळाल्याने कुजायची राहिली. मग जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारेचं खनिज, पेशी-पेशींत शिरून बसली. बहुतेक खोडं उभी नाहीत, आडवी आहेत. झाडं इथेच वाढून दगड झाली नाहीत, वाहून आली, याची खूण हीच. सगळ्यांत लांब खोड सुमारे 13 मीटरचं आहे.

इथे चूक होते ती वेळेची. भर दुपारी बाराला आलात, तर ऊन डोक्यावर, दगड सपाट दिसतो आणि दहा मिनिटांत लोक गाडीत बसतात. सकाळी नऊच्या सुमारास या, किंवा दुपारी चारच्या सुमारास. उजेड तिरका असला की सालीच्या चिरा आणि गाठी उठून दिसतात. तुटलेल्या टोकाशी बसून आडवा छेद नीट पाहा, वाढीची वलयं सापडतात. फोटो काढताना फोनची लेन्स जाळीच्या भोकाला अगदी टेकवा, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो. माळावर दगडी लाकडाचे तुकडे विखुरलेले दिसतील. एकही खिशात टाकायचा नाही. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि प्रत्येकाने एकेक तुकडा उचलला तर पिंजऱ्याबाहेर काही उरणार नाही.

[दृश्य : सोनार किल्ल्याची भिंत, जवळून]

आकलनंतर जैसलमेर. इथला पिवळा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे, म्हणजे नद्यांच्या प्रदेशावर मागाहून समुद्र चढला. याच थरांत जेठवाई गावाजवळ एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसोरचे अवशेष मिळाले. 2023 मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, थारोसॉरस इंडिकस, वय सुमारे 16 कोटी 70 लाख वर्षं. त्या जागी बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही, तेव्हा जीपवाल्याने आग्रह केला तरी वेळ घालवू नका. डायनोसोरची हौस असेल तर बडोद्याहून दीड-दोन तासांवरचं बालासिनोरजवळचं रैयोलीचं डायनोसोर उद्यान आधी करून या.

मुक्काम किल्ल्यात करू नका. जाहिराती मोहात पाडतील, तरीही. 1156 साली वसवलेला हा किल्ला ज्या टेकडीवर आहे, तिचा दगड मऊ आणि थराथरांचा आहे. पूर्वी वर पाणी घड्यांनी जायचं. आता नळ आणि न्हाणीघरं आहेत, सांडपाणी मुरतं, पाया फुगतो आणि बुरूज ढासळलेले आहेत. खाली शहरात उतरा, वर पायी जा.

[दृश्य : कुलधरा, ओसाड घरांच्या भिंती. मग भिंतीतला एक दगड, अगदी जवळून]

कुलधरा जैसलमेरपासून 18 किलोमीटर. गाइड तुम्हाला शाप आणि भुतं सांगेल, ऐकून घ्या, पण नजर भिंतीवर ठेवा. आसपासच्या खडकांच्या एका थराला भूवैज्ञानिकांनी याच गावाचं नाव दिलं आहे. हा सोनेरी चुनखडक मोहरीहून बारीक अशा गोल दाण्यांचा बनलेला असतो. उथळ समुद्रात, लाटांच्या हेलकाव्यात, शिंपल्याच्या कपच्याभोवती एकेक पापुद्रा चढत हे दाणे तयार होतात. 10 पटींचं साधं भिंग बरोबर न्या. दगडावर पाण्याचे दोन थेंब सोडले, की दाणे आणि शिंपल्यांचे काप लगेच स्पष्ट होतात.

[दृश्य : सेवण गवत, दूरवर चिंकारा]

आता अभयारण्याचा आतला भाग, सुदासरी. जैसलमेरहून 60 किलोमीटरच्या आसपास. परवानगी वनखात्याच्या जैसलमेर कार्यालयातून आदल्या दिवशीच घ्या, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. हा सरहद्दीचा प्रदेश आहे. बरोबर परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील, आणि बडोद्यातल्या किती घरांत ते नसतात, तर त्यांना कुठवर जाता येतं हे निघण्याआधी जिल्हा प्रशासनाकडे विचारून घ्या. ड्रोन घरीच ठेवा.

इथला मुख्य पाहुणा माळढोक, ज्याला स्थानिक लोक गोडावण म्हणतात. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, म्हणून तो दिसेलच असं कुणी सांगितलं तर भाव कमी करून घ्या. उजाडताच पोचा. दहानंतर जमीन तापून हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतही लांबचा पक्षी हलत्या पाण्यासारखा दिसतो. 8x42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. जीप वाटेवरून खाली उतरवू देऊ नका, कारण हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं आणि गरुड सकाळ वाया जाऊ देत नाहीत.

पाणी माणशी रोज तीन-चार लिटर. पूर्ण विजार आणि घोट्यावर चढणारे बूट, कारण गवताची काटेरी बोंडं मोज्यांत रुततात आणि दगडांच्या सांदीत फुरसं असू शकतं. दुपारी सदरा पुरतो, पहाटे उघड्या जीपमध्ये कानटोपी आणि जाड जाकीट लागतंच. आत खायला काही मिळत नाही. थेपले, दशम्या, खजूर बांधून न्या. पेट्रोल शहरातच भरा.

वाळू पाहायचीच असेल तर सूर्यास्ताला समऐवजी खुरी गावाकडे वळा, गर्दी कमी असते. स्वतःची गाडी वाळूत घालू नका. चाक रुतलं की लोक ॲक्सिलरेटर दाबतात आणि गाडी पार पोटावर बसते. रुतलीच तर थांबा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. परत डांबरावर आल्यावर हवा भरायला विसरू नका.

एक सकाळ हाती असेल तर वायव्येला हाबूर. शंख-शिंपल्यांनी गच्च भरलेला तपकिरी-पिवळा दगड, कुलधऱ्याच्या दगडाहून कितीतरी तरुण. त्याच्या वाट्या बाजारात मिळतात. त्यांत विरजणाशिवाय दही लागतं असं विकणारा शपथेवर सांगतो. वाटी जरूर घ्या, दिसते सुंदर. विरजण मात्र घरात ठेवा.

[दृश्य : जोधपूर, मेहरानगडचा पायथा, काळपट-लाल कातळ]

परतीची सूर्यनगरी जोधपूरहून संध्याकाळी आहे, तेव्हा तो दिवस जोधपूरला राखा. मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. इथला कातळ ज्वालामुखीचा, सुमारे 75 कोटी वर्षांचा, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या सगळ्या दगडांचा पणजोबा. वर किल्ल्याच्या बाजूला त्यावर वालुकाश्माचा थर बसलेला स्पष्ट दिसतो. 2006 पासून इथली विलायती बाभूळ काढून कातळावरची मूळची झाडं पुन्हा लावली गेली. बाभळीची मुळं खडकाच्या फटींत खोल गेलेली, यंत्राने निघेनात. शेवटी खाणीत काम करणाऱ्या खंडवालियांनी हातोडीने कातळ ठोकून, आवाजावरून फट ओळखून ती काढली. दोन तास पुरतात. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथे बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.