अंडं उकडल्यावर काय बदलतं?

बाळाला अंडं कधी सुरू करायचं, हा प्रश्न जिथे जाईन तिथे विचारला जातो. ते कोणत्या रूपात द्यायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. आज मी या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे. माझ्या मते ॲलर्जी टाळण्यासाठी तोही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तीन प्रयोग सांगतो. ऑस्ट्रेलियात इसब असलेल्या बाळांना चौथ्या महिन्यापासून कच्च्या, पाश्चराइज्ड अंड्याची पूड दिली. 2013 साली निष्कर्ष आले. जवळजवळ एक तृतीयांश बाळांना त्या पुडीचीच रिॲक्शन आली. जर्मनीत कच्च्या पांढऱ्याची पूड वापरली. तिथेही काही बाळांना गंभीर त्रास झाला आणि फायदा दिसला नाही. टोकियोत मात्र अंडं आधी उकडलं, मग त्याची पूड केली. सहाव्या महिन्यापासून रोज 50 मिलिग्रॅम, नवव्यापासून 250. बाळं वर्षाची झाली तेव्हा अंड्याची ॲलर्जी पूड घेतलेल्यांत 8 टक्के आणि न घेतलेल्यांत 38 टक्के! हे 2017 साली प्रसिद्ध झालं. सगळं श्रेय उकडण्याला देता येणार नाही. टोकियोतला डोस कितीतरी लहान होता आणि बाळांच्या इसबावर कसून उपचार चालू होते. तरीही उकडण्याचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो.

तो कसा, ते बघू. अंड्याच्या पांढऱ्यात सर्वांत जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन. कच्चं असताना त्याची घडी इतकी घट्ट असते की जठरातल्या पेप्सिनला, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या पाचक द्रव्याला, ते सहज तोडता येत नाही. उष्णतेने घडी उलगडते आणि पेप्सिनला वाट मिळते. बेल्जियममध्ये 1998 साली मोठ्या माणसांवर मोजमाप झालं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे 91 टक्के प्रथिन लहान आतड्यात पचलं, कच्च्यातलं फक्त 51 टक्के. ओव्होम्युकॉइड हे दुसरं प्रथिन जास्त चिवट. गंधकाच्या बंधांनी ते बांधलेलं असतं, नुसत्या उकडण्याने फारसं नमत नाही. मात्र गव्हाच्या पिठात मिसळून भाजलं की ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, जाळ्यात अडकतं. म्हणून अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केक चालतो आणि ऑम्लेटने अंगावर गांधी उठतात.

आता मुख्य मुद्दा. ॲलर्जीचा झटका यायला आयजीई नावाच्या, ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडांना प्रथिनाचा बऱ्यापैकी मोठा तुकडा लागतो. दोन प्रतिपिंडं एकाच वेळी त्याला धरतात, तेव्हा ती ज्या मास्ट पेशीवर बसलेली असतात, ती पेशी हिस्टामाइन हे सूज-खाज आणणारं रसायन सोडते. टी पेशींना, म्हणजे कशावर चाल करायची हे ठरवणाऱ्या प्रतिकारपेशींना, मात्र डझनभर अमिनो आम्लांचा तुकडाही ओळखायला पुरतो. आतड्यातल्या डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी असे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात. तिथे नियामक टी पेशी तयार होतात आणि 'हे अन्न आहे, यावर चाल करू नका' असा निरोप शरीरभर जातो. यालाच मौखिक सहनशीलता म्हणतात. नीट पचलेलं प्रथिन झटका देण्याची ताकद बरीचशी गमावतं, पण शिकवण्याची ताकद राखून असतं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

पण पार अमिनो आम्लांपर्यंत तोडलं, तर शिकवायला काही उरतच नाही. कोरियातल्या संशोधकांनी 2016 साली उंदरांना प्रथिनांशिवाय, नुसत्या अमिनो आम्लांच्या आहारावर वाढवलं. त्यांच्या लहान आतड्यात नियामक टी पेशी खूपच कमी भरल्या.

मग शेंगदाण्याचं काय? त्यातलं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन पेप्सिनला दाद देत नाही. तरी लंडनमध्ये 640 बाळांवर झालेल्या प्रयोगात, लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी ॲलर्जी 3.2 टक्के आणि टाळणाऱ्यांत 17.2 टक्के निघाली. म्हणजे न पचणारं प्रथिनही शिकवतं. ते शिकवणं किती सुरक्षित होईल, हे बऱ्याच अंशी पचनावर ठरतं, असं माझं मत आहे. त्या बाळांनाही अख्खे दाणे दिले नव्हते, ते घशात अडकतात. तोंडात विरघळणारा खाऊ किंवा दाण्याचं लोणी दिलं होतं. ज्या बाळाला जोरदार इसब आहे किंवा आधी रिॲक्शन आली आहे, त्याला घरी परस्पर काही सुरू करू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि इसब आधी आटोक्यात आणा. फुटलेल्या त्वचेतून प्रथिन शिरतं ते न पचलेलं, अख्खं, आणि तिथून शरीर शत्रुत्वच शिकण्याची शक्यता जास्त.

शेवटी औषधांबद्दल. पेप्सिनला आम्ल लागतं. अमेरिकेत 2018 साली जवळपास 7 लाख 92 हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या सहा महिन्यांत ॲसिड कमी करणारं औषध मिळालेल्यांत पुढे अन्नाची ॲलर्जी दुपटीहून जास्त आढळली. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. पण दूध ओकणारं, वजन नीट वाढणारं, हसतं-खेळतं बाळ असेल, तर असं औषध सहसा लागत नाही. लिहून दिलं असेल तर ते कशासाठी आणि किती दिवस, हे डॉक्टरांना जरूर विचारा.