कॉम्प्युटर झोपवायचा कसा

हारतुरे झाले, अध्यक्षांचे ‘दोन शब्द’ झाले, आणि नऊला लाईन जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. विषय आहे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला नेटवर्कशी जोडणारं कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणि त्याची झोप. ऐकताना समोर कोणी झोपू नये, एवढीच विनंती. मागच्या काकांना जरा हलवा.

माझं म्हणणं एकच. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा कस कार्ड चालवताना लागत नाही, झोपवताना लागतो.

मोटरवर मोबाईल स्टार्टर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बसवलाय. थ्री फेज रात्रीची. अंधारात साप-विंचू तुडवत कोण जाईल? घरून रिंग दिली की मोटर सुरू. मोटर बंद, पण डब्यातलं सिम जागं. वेक-ऑन-लॅन, म्हणजे बंद मशीन लॅनवरून, आतल्या नेटवर्कवरून, उठवणं हेच. मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा स्टँडबाय येत राहतो, त्यावर कार्ड जागं असतं. रिंगऐवजी ‘मॅजिक पॅकेट’ : ६ बाइट एफएफ, मग त्याच कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे ६ बाइटचा ओळख नंबर, १६ वेळा, मिळून १०२ बाइट. एएमडीनं १९९५ मध्ये मांडलेली गोष्ट, अजून तशीच चालते. साध्या पॅकेटला पासवर्डही नाही, त्यामुळे लॅनवरचा कोणीही उठवू शकतो.

आता गंमत ऐका. आपल्याच भागातलं एक कॉलेज, नाव घेत नाही, प्राचार्य सभागृहात असतील. ऑनलाइन परीक्षेसाठी लॅबमधली सगळी मशीनं पहाटे एका जागेवरून उठवायची ठरलं. सगळं बसवून दिलं. सकाळी एकही उठलं नाही. शिपाईदादांना विचारलं तर म्हणाले, “सर, मशीन बंद असते तरी मागच्या भोकात हिरवा दिवा लुकलुक करते. कायले फुकट बिल वाढवाचं? मंग म्या मेनच पाडला.” आता या माणसाला काय बोलणार? वीज वाचवा म्हणून भिंतीवर पाटी आपणच लावलेली!

मेन पाडणं थांबलं. मग रात्री लाईन गेली, आली, आणि निम्मी मशीनं पुन्हा गप्प. कारण ‘जागा राहा’ हे कार्डाला ड्रायव्हर बंद होताना सांगतो. स्टँडबायही गेला की बऱ्याच कार्डांवर ते पुसलं जातं. माझी तक्रार इथे आहे. हे लिहिणाऱ्यांच्या टेबलावर लाईन जात नसावी. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर चालू हो’ असं ठेवलं. मशीन उठतं, ड्रायव्हर चढतो, स्क्रिप्ट त्याला रीतसर बंद करते. सरळ झोपायचं सोडून आधी उठून मग झोपायचं! तरी काही मशीनं राहिलीच. त्यांच्या पोर्टवरचा दिवाच विझायचा. ड्रायव्हर झोपताना फाय चिपही, म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिपही, बंद करत होता.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत, म्हणजे मुख्य विषय पळतच सांगावा लागणार. सस्पेंड, म्हणजे मशीन झोपवायचं फर्मान, आलं की आधी डिव्हाइस नेटवर्कपासून डिटॅच करा, पॅकेटांच्या रांगा आणि डीएमए, म्हणजे कार्डाची थेट मेमरीत ये-जा, थांबवा, इंटरप्ट, म्हणजे कार्ड प्रोसेसरला मारतं ती हाक, सोडा. मग बघा, वेक मागितलाय का. नसेल तर खुशाल सगळं बंद करा. असेल तर फायला हात लावू नका. वेग १० मेगाबिटवर आणा, वीज वाचते, पण लिंक तुटू देऊ नका. वेकची रजिस्टरं, म्हणजे कार्डातले सेटिंगचे कप्पे, भरा, पीएमई, म्हणजे ‘उठा’ असा कार्डाचा इशारा, चालू करा, मग डी३, म्हणजे कार्डाची गाढ झोप. शटडाउनच्या वाटेवरही हेच. तिथे विसरतात आणि मग मशीन सस्पेंडमधून उठतं, बंद केल्यावर उठत नाही. जागं होताना कार्डाला जुनं काही आठवतं असं धरू नका. डी३-कोल्डमधून, म्हणजे मुख्य वीजही तुटलेल्या झोपेतून, आलेली रजिस्टरं पहिल्यापासून भरा, पीएमईची खूण पुसा, सगळं तयार झालं की शेवटी अटॅच.

पोरांनो, लिनक्सवर एथटूल, म्हणजे कार्डाची सेटिंग दाखवणारी कमांड, चालवा. ‘वेक-ऑन’समोर ‘डी’ दिसलं तर सोय बंद, ‘जी’ दिसलं तर मॅजिक पॅकेट चालू. आणि बायोसमधलं ईआरपी, म्हणजे वीज वाचवायचं सेटिंग, तेवढं बघून घ्या, ते स्टँडबायच तोडतं.

वाय-फायचं राहिलं. आभार मानणारे उभे झालेच आहेत, माईक त्यांना देतो.