घंटेआधीचे चार दिवस

[दृश्य: पावसात भिजलेली शाळा, दाराला कुलूप]

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातली ही जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग चार, खोल्या दोन, शिक्षकही दोनच. मुलं १५ जूनला येतील. गुरुजी आणि बाई आजच आलेत.

कौलांतून पाणी झिरपलंय. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आधी कोरड्या कोपऱ्यात जातं. मग कपाट उघडतं.

[दृश्य: बाईंचे हात, खराट्याच्या काड्या]

बाई काड्या सारख्या मापाच्या कापतात. दहा मोजायच्या, रबर लावायचं; झाला एक दशक. ३२ मधून १७ वजा करायचेत. दोनातून सात जात नाहीत. मग एक गठ्ठा सोडायचा. सुट्या दोन होत्या, आता बारा झाल्या. फळ्यावर पाठ केलेला हातचा मे महिन्याच्या सुट्टीत पुसून जातो, हा बाईंचा दरवर्षीचा अनुभव. म्हणून तिसरीच्या प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे गठ्ठे. सबंध दुपार यातच गेली, आणि ती जायलाच हवी होती.

[दृश्य: फळ्यावर वेळापत्रक]

गुरुजींकडे पहिली आणि दुसरी, एकाच खोलीत. लाल चौकट म्हणजे गुरुजी त्या वर्गापाशी. निळी म्हणजे मुलं जोडीजोडीनं आपलं काम करणार. दोन लाल चौकटी एका वेळी येता कामा नयेत. गुरुजींनी तिसऱ्यांदा पुसलं.

वार्षिक नियोजन, हजेरीपत्रकं, पोर्टलवरची माहिती, तीही भरून झाली.

[दृश्य: ठाकरवाडीची पायवाट]

दाखलपात्र मुलांची यादी घेऊन दोघं वाडीवर निघालेत. या अंगणातली मुलगी यंदा पहिलीत येणार. घरात ठाकरी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. चूल, कोंबडी, पाऊस यांना घरात काय म्हणतात, ते बाई तिच्या आईला विचारून वहीत लिहून घेतात. पहिल्या आठवड्यात चित्रांखाली दोन्ही शब्द असतील. नव्या वर्षाची याहून मोलाची तयारी आम्हांला या चार दिवसांत दिसली नाही.

पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक पद जाऊ शकतं. मग चारही वर्ग एकाच्याच अंगावर.

[दृश्य: १५ जून, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण]

ताटात कुंकवाचं पाणी. नव्या मुलांच्या पावलांचे ठसे कागदावर उमटतायत. वाडीवरची ती मुलगी आईचा पदर धरून उभी आहे. बाई खाली बसतात, कोंबडीचं चित्र पुढे धरतात आणि वहीतला शब्द उच्चारतात.

[निवेदन थांबते. मुलीचा आवाज.]