गंजीवरची ताडपत्री आणि समुद्रातलं वादळ

(दृश्य : उमरखेड तालुक्यातलं वावर. सोंगलेल्या सोयाबीनची गंजी, वर ताडपत्री, कडांना दगड.)

‘भाऊ, पाणी कधी येते म्हणते?’ सोंगणीच्या दिवसांत इथे भेटेल तो हेच विचारतो.

२०२१ मध्ये २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. वारा वाटेत मावळला, पाऊस मात्र तेलंगण ओलांडून विदर्भ-मराठवाड्यात आला. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर आला, एसटी बस वाहून गेली. भिजलेल्या गंजीत हात घातला तर आतून वाफ लागते. मग शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात.

वादळ किती जोराने किनाऱ्यावर चढतं, यावर ते आत किती तग धरणार हे बरंचसं ठरतं. त्याचा मार्ग आता बऱ्यापैकी सांगता येतो, अडतं ते जोरापाशी. अटलांटिकमध्ये विमानं वादळात शिरून वारा मोजतात. बंगालच्या उपसागरावर तशी नेहमीची सोय नाही. तिथे ढगांच्या आकारावरून जोर ठरवायची ड्वोरॅक पद्धत १९७० च्या दशकापासूनची, आणि आजही भिस्त तिच्यावरच. पण ढग हे वरचं पांघरूण. वारा खाली पाण्याशी झोंबत असतो.

(दृश्य : खवळलेला समुद्र, वरून.)

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार त्या पांघरुणाखाली बघतं, रात्रीसुद्धा. ते सोडतं ती रेडिओलहर साडेपाच सेंटिमीटरची. वारा जितका जोरात, तितकं पाणी खरबरीत आणि लहर तितकी जास्त परत येते. पण वारा फारच वाढला की हे माप एका जागी अडकतं. त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते : लहर उभ्या कंपनाची सोडायची आणि परत आलेल्यातली आडव्या कंपनाची तेवढी मोजायची. ती भयंकर वाऱ्यातही वाढत राहते. मग वादळाच्या डोळ्याभोवती सर्वांत जोराचा वारा नेमका कुठे आहे, ते किलोमीटर-दोन किलोमीटरच्या बारकाईने दिसतं. अंदाजाचं गणित तिथूनच सुरू करता येतं.

उपग्रह मात्र वेळेवर वादळाच्या माथ्यावर असायला हवा, आणि तो दर वेळी नसतो. असे उपग्रह वाढायलाच हवेत. भारताचा ईओएस-०४ उपग्रह फेब्रुवारी २०२२ मध्ये अवकाशात गेला, त्याचं रडारही सी-बँडचंच, म्हणजे सेंटिनेलसारख्याच लहरीचं.

(दृश्य : संध्याकाळ. वावरात थ्रेशर.)

दोन दिवस आधी पक्कं कळलं, तर थ्रेशर आजच बोलावता येतो. ट्रॅक्टरच्या उजेडात गंजी काढून होते, आणि पाणी यायच्या आत पोती घरात लागतात.